सँटोरिनीचे पाच तास

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर क्रूझचं जहाज धक्क्याला लागत नाही. हजारो वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या स्फोटात बेटाचा मधला भाग खचला, तिथे समुद्र शिरला आणि आज ही जहाजं उभी राहतात ती त्याच पाण्यात. तळ काही ठिकाणी ४०० मीटरच्या आसपास खोल आहे, त्यामुळे नांगर टाकायची सोय नाही. जहाज दिवसभर इंजिनाच्या जोरावर जागा धरून राहतं आणि स्थानिक लाँचवाले प्रवाशांना कड्याच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या बंदरात आणून सोडतात. तिथून वर फिरा गावात जायचे मार्ग तीनच : रोपवे, ५८० हून अधिक पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्या गाढवाच्या पाठीवर बसून. मोटारीचा रस्ता तिथे उतरतच नाही. जहाज कंपनीची सहल घेतलेल्यांना पुष्कळदा दक्षिणेकडच्या अथिनिओस बंदरात उतरवून बसमधून फिरवतात, पण जहाजावर परतताना त्यांनाही बहुधा फिरामधून याच रोपवेने खाली यावं लागतं.

आता या रोपवेचा हिशेब मांडू. एका खेपेत सहा डबे, प्रत्येक डब्यात सहा माणसं, म्हणजे ३६. वर जायला साधारण तीन मिनिटं. मध्ये एक क्षणही न थांबता तो चालला, तरी तासाला एका दिशेने सातशेच्या आसपास माणसं जाऊ शकतात. आणि बेटाच्या नगरपालिकेने क्रूझच्या प्रवाशांसाठी जी मर्यादा ठरवली ती आहे दिवसाला ८,०००. ही मर्यादासुद्धा कडक पाळली गेली नाही. जुलै २०२४ मध्ये एका दिवशी सुमारे ११,००० प्रवासी जहाजांवरून आले. बेटाची कायमची वस्ती साडेपंधरा हजारांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

८,००० ला ७०० ने भागलं की अकरा तासांहून जास्त होतात. जहाज थांबतं आठ-दहा तास. सगळेच रोपवेने जात नाहीत हे मान्य, काही जण पायऱ्या चढतात, काही अथिनिओसकडून येतात. पण सगळी जहाजं सकाळी दोन-तीन तासांच्या आत येतात आणि संध्याकाळी तशीच निघतात, म्हणून रांग लागते ती दिवसभर विखरून नाही, दोनदा, एकदम. पहिल्या लाँच मिळतात त्या जहाज कंपनीच्या सहलीवाल्यांना. स्वतःच्या हिमतीवर फिरायला निघालेल्याने आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. शेवटची लाँच जहाज सुटण्याच्या बरीच आधी निघते, ती चुकली तर जहाज थांबत नाही, म्हणून शहाणा प्रवासी दीड-दोन तास आधीच परतीच्या रांगेत उभा राहतो. पत्रिकेवर नऊ तास छापलेले असतात, हातात पडतात पाच. या पाच तासांतलाच एक तास पुन्हा इया गावी जाण्यायेण्यात जातो, कारण निळ्या घुमटांचा फोटो तिथला असतो.

ग्रीसमध्ये या प्रश्नावर गेली काही वर्षं जी चर्चा चालली आहे ती मुख्यतः शुल्काची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस यांनी थेस्सालोनिकीच्या वार्षिक प्रदर्शनात घोषणा केली आणि जुलै २०२५ पासून ती अमलात आली : जून ते सप्टेंबर या हंगामात सँटोरिनी किंवा मिकोनोस या बेटांवर उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे २० युरो, म्हणजे साधारण दोन हजार रुपये. हंगामाच्या अलीकडे-पलीकडे १२ युरो, हिवाळ्यात ४. बाकीच्या बंदरांना त्याहून पुष्कळ कमी, भर हंगामातही ५ युरो.

मला हा उपाय अपुरा वाटतो, आणि एका अर्थाने चुकीच्या दिशेचाही. शुल्क घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. जो बेटाचं पाणी वापरतो, कचरा टाकतो, रस्ता वापरतो, त्याने काही द्यावं हे रास्तच आहे. पण हजारो रुपये खर्चून भूमध्य समुद्रात आलेला माणूस २० युरोंसाठी सँटोरिनीला उतरायचं टाळत नाही. ही रक्कम जहाजाच्या बिलात मिसळून जाते, पुष्कळांना ती वेगळी दिसतही नाही. म्हणजे गर्दी तेवढीच राहते, फक्त तिच्यावर उत्पन्न सुरू होतं. आणि एकदा सरकारी खात्यांच्या अंदाजपत्रकात डोक्यामागे २० युरो धरले गेले, की डोकी कमी करण्याची इच्छा सरकारला उरेल कशी? पुढच्या वर्षी प्रवासी घटले तर ती बातमी बेटाच्या सुटकेची ठरेल की महसुलाच्या तुटीची? गर्दी हा ज्याचा आजार आहे त्याचं औषध गर्दीवरच पोसलं जाणार असेल, तर आजार बरा होत नाही.

म्हणून माझं सरळ मत असं : सँटोरिनीसारख्या बेटावर मोजायचा तो वेळ आणि एका वेळची माणसं. एका वेळी पाण्यात किती जहाजं उभी राहतील, ती किती तास थांबतील, आणि पहिली लाँच कधी नि शेवटची कधी, हे बेटाने ठरवावं, आणि त्याला कायद्याचं बळ असावं. जहाजं कमी, मुक्काम लांब. सकाळी आठला येऊन पाचला पळणाऱ्या चार जहाजांऐवजी सकाळी येऊन रात्री अकराला सुटणारी दोन, किंवा रात्रभर थांबणारं एक. तेवढ्यानेच रोपवेची रांग अर्धी होते, प्रवाशाला ऊन उतरल्यावर चालायला मिळतं, आणि संध्याकाळच्या जेवणाचे पैसे जहाजावरच्या रेस्टॉरंटऐवजी गावातल्या खानावळीत पडतात.

हे काही अशक्य कोटीतलं नाही. एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर क्रोएशियातल्या दुब्रोवनिक शहराने जहाज कंपन्यांशी बोलून एका वेळी दोनच जहाजं हे बंधन आणलं आणि किमान आठ तास थांबण्याचा आग्रह धरला. तिथे जहाज बंदराला लागतं, त्यामुळे तिथले आठ तास खरोखर आठच्या जवळ जातात. सँटोरिनीला तेवढंच हाती पडायचं असेल तर बारा-चौदा तास धरायला हवेत. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना जायला इटलीने ऑगस्ट २०२१ मध्ये बंदी घातली. त्याआधी कित्येक वर्षं ‘असं केलं तर शहर उपाशी मरेल’ म्हणून सांगितलं जात होतं. शहर उपाशी मेलेलं नाही.

कोणी म्हणेल, सँटोरिनीचा खरा भार जहाजांचा नाही. २०२३ मध्ये क्रूझने तेरा लाखांच्या आसपास माणसं आली, पण एकूण पाहुणे त्याहून दुपटीने जास्त होते, आणि ते विमानाने नि फेरीबोटीने येऊन हॉटेलांत राहतात. बांधकामं त्यांच्यासाठी होतात, पाणी ते जास्त वापरतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. हे बेट मुळात पावसाचं पाणी छपरावरून टाक्यांत साठवून जगत आलेलं. आज ते समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांवर चालतं आणि त्याला वीज लागते. वाऱ्यापासून द्राक्षं वाचावीत म्हणून इथले शेतकरी वेल जमिनीलगत टोपलीसारखा गोल वळवत वाढवतात. त्या आसिर्तिको द्राक्षाची वाइन जगभर जाते, आणि त्याच मळ्यांच्या जमिनी एकामागून एक व्हिलांसाठी जात आहेत. उन्हाळ्यात शिक्षकांना, डॉक्टरांना भाड्याने घर मिळत नाही, कारण त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं पर्यटक देतो तेवढं ते आठवड्यालाही देऊ शकत नाहीत. बेटाचे महापौर निकोस झोर्झोस यांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं आहे की आता एकही नवी खाट नको. त्यांचं म्हणणं मला पटतं.

पण हॉटेलांचं बांधकाम थांबवणं हा दहा-वीस वर्षांचा झगडा आहे. त्यात जमिनीचे मालक, परवाने, न्यायालयं सगळं येतं. जहाजाचं वेळापत्रक मात्र दीड-दोन वर्षं आधी ठरतं आणि बंदर नाही म्हणालं तर ते बदलतं. जे आज करता येतं ते, जे उद्या करायचं आहे त्याच्या नावाखाली लांबणीवर टाकू नये. शिवाय दोन्ही गर्दींची जात वेगळी. आठवडाभर राहणारा पाहुणा सकाळी उशिरा उठतो, समुद्रावर जातो, कधी पिर्गोस गावाच्या गल्ल्यांत बसतो. जहाजाची गर्दी दहा ते चार या वेळात फिरा आणि इयाच्या दोन-तीन गल्ल्यांतच उतरते. जुलै २०२४ मध्ये एका स्थानिक पदाधिकाऱ्याने समाजमाध्यमावर लिहिलं की आज एवढे पाहुणे येणार आहेत, तेव्हा रहिवाशांनी कामाशिवाय बाहेर पडू नये. त्यावर गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. स्वतःच्या गावात दाराआड बसायला सांगितलं जाणं, हे कुठल्याही उत्पन्नाने भरून निघत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला सर्वांत जास्त काळजी वाटते आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. ते जुनं बंदर कड्याच्या थेट पायथ्याशी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेटाच्या परिसरात आठवडेच्या आठवडे भूकंपाचे धक्के बसले, सर्वांत मोठा ५.३ तीव्रतेचा. ११,००० हून जास्त माणसं बेट सोडून गेली, शाळा बंद झाल्या. त्या काळात प्रशासनाने लोकांना ज्या जागा टाळायला सांगितल्या त्यांत हे जुनं बंदर होतं, कारण वरून दरडी कोसळण्याची भीती. सुदैवाने तो हिवाळा होता, जहाजांचा हंगाम नव्हता. हेच धक्के ऑगस्टच्या दुपारी चार वाजता बसले असते तर? रोपवे बंद, पायऱ्यांवर माणसं नि गाढवं, खाली दोन-तीन हजारांची रांग, आणि सुटकेचा मार्ग म्हणजे पाच-सहा लाँच. जुलै १९५६ मध्ये याच भागात मोठा भूकंप झाला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा तिथे पर्यटक जवळजवळ नव्हतेच. एप्रिल २००७ मध्ये ‘सी डायमंड’ हे जहाज याच पाण्यात खडकावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. जहाजावर दीड हजारांहून जास्त माणसं होती. स्थानिक होडीवाले धावले म्हणून जवळजवळ सगळे वाचले, दोघे फ्रेंच प्रवासी कधीच सापडले नाहीत. ते जहाज आजही तळाशी पडलेलं आहे. एवढं सगळं घडून गेलेल्या ठिकाणी, एका वेळी त्या पायथ्याशी किती माणसं उभी करायची हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. ती संख्या दिवसाच्या एकूण बेरजेवरून ठरवता येत नाही, ती त्या धक्क्याच्या रुंदीवरून आणि लाँचच्या संख्येवरून ठरायला हवी.

गाढवांचंही तसंच. २०१८ मध्ये ग्रीसने नियम केला की गाढवा-खेचराच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षा किंवा १०० किलोंपेक्षा जास्त ओझं नको. नियम चांगला, पण भर उन्हात रोपवेची दीड तासाची रांग पाहून माणूस जेव्हा गाढवाकडे वळतो, तेव्हा त्या जनावराच्या दिवसाच्या खेपा कमी करायला कुठला नियम उभा राहणार? रांग कमी झाली तरच त्या खेपा कमी होतील.

मग प्रवाशाचं काय? त्याच्या बाजूनेही मला बोलायचं आहे, कारण या चर्चेत त्याला बहुतेक वेळा गुन्हेगार ठरवलं जातं. जहाजावरून येणारा प्रत्येक जण उथळ असतो, हे म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांत आयुष्यभर पै पै साठवून निघालेली जोडपी असतात, गुडघे दुखतात म्हणून रोज हॉटेल बदलणं शक्य नसलेले वयस्क असतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला भूमध्य समुद्र पाहायचा तर क्रूझहून सोपी वाट नाही. या माणसाला पाच तास देऊन आपण त्याचाही अपमान करतो. सँटोरिनीच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी आहे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० च्या सुमाराच्या महास्फोटात राखेखाली गाडलं गेलेलं गाव, १९६७ पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी ते उकरायला घेतलं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालची सांडपाण्याची गटारं, रांजण जागच्या जागी. आणि माणसांचे सांगाडे नाहीत, म्हणजे धोका ओळखून लोक आधीच निघून गेले असावेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांची ही समजूत पाहून मी तर थक्क होते. तिथल्या भिंतींवरची काही चित्रं फिराच्या वस्तुसंग्रहालयात आहेत, काही अथेन्सला. बंदरातून अक्रोतिरीला जाऊन, नीट पाहून, परत येऊन ही चित्रं पाहायची, तर पाच तासांत ते धापा टाकत होतं. म्हणून लोक इयाला जातात, फोटो काढतात आणि परततात. त्यांना दुसरं काही करायला वेळच ठेवलेला नसतो, आणि मग त्यांच्यावर ठपका ठेवला जातो की यांना फोटोपलीकडे काही कळत नाही.

मराठी प्रवाशांनाही हे लागू आहे. मुंबई-पुण्याहून ग्रीसला जाणाऱ्या गटांची संख्या वाढते आहे आणि सहलीच्या जाहिरातीत अजूनही बेटांची संख्या हाच मोठा आकडा असतो. चार दिवसांत पाच बंदरं! क्रूझ निवडताना आपण केबिन पाहतो, शाकाहारी जेवणाची सोय विचारतो. प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता येतं, किती वाजता सुटतं आणि ते धक्क्याला लागतं की लाँचने उतरायचं, हे तीन प्रश्न फार थोडे जण विचारतात. ते विचारायला हवेत. ग्राहकाने विचारलं की कंपनी वेळापत्रक बदलते, हा अनुभव इतर बाबतींत आपल्याला आहेच. आणि या जहाजांवर गोव्याची, कोकणातली कितीतरी मुलं काम करतात. लांब मुक्कामाचा फायदा त्यांनाही आहे, कारण जहाज तीन-चार तासांतच परत निघणार असेल तर कर्मचाऱ्याला किनाऱ्यावर पाय ठेवायला मिळत नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न आता दाराशी आला आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून क्रूझ भारत मिशन सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणं हे त्याचं उद्दिष्ट आहे. मला क्रूझचा विरोध नाही. पण उद्दिष्ट फक्त प्रवाशांच्या संख्येत मांडलं गेलं, तर कोकणातल्या एखाद्या छोट्या जेट्टीवर एका सकाळी किती माणसं उतरू शकतात, हे आधी कोण मोजणार? तिथल्या ग्रामपंचायतीला नाही म्हणायचा अधिकार असेल का? सँटोरिनीने हे प्रश्न तीस वर्षं उशिरा विचारले.

सगळ्या बेटांना एकच माप लावावं असंही नाही. ऱ्होड्सला जहाजं जुन्या तटबंदीच्या शहराला अगदी लागून उभी राहतात. माणूस उतरला की दहा मिनिटांत वेशीतून आत. बेट मोठं, वस्ती लाखाहून अधिक, रस्ते रुंद, डोंगरकड्याची कोंडी नाही. तिथे तीन जहाजांची माणसं जिरतात, सँटोरिनीच्या कड्याखाली एका मोठ्या जहाजाचीही जिरत नाहीत. म्हणून अथेन्सला बसून ठरवलेलं एकच शुल्क किंवा एकच मर्यादा निरुपयोगी आहे. ती त्या त्या बेटाच्या नगरपालिकेने, तिथल्या लाँचवाल्यांना, दुकानदारांना, शिक्षकांना बरोबर घेऊन ठरवावी, आणि केंद्राने ती मोडू नये.

जहाज कंपन्यांचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे : अटी घातल्यात तर आम्ही दुसरीकडे जाऊ. जावं. एजियन समुद्रात सिरोस आहे, त्याचं एर्मूपोली हे एकेकाळचं भरभराटीचं व्यापारी बंदर आहे. लेस्बोस आहे, खिओस आहे. तिथल्या गावांना जहाज हवं असेल तर त्यांनी बोलवावं, आपल्या धक्क्यावर किती माणसं मावतात ते मोजून, आणि किती तास थांबायचं ते आधी लिहून घेऊन. सँटोरिनीच्या दुकानदारांना पहिल्या दोन-तीन वर्षांत तोटा होईल, हे लपवून चालणार नाही. म्हणूनच प्रवाशामागचे ते २० युरो सरकारी खात्यांत वाटून न टाकता काही वर्षं पूर्णपणे बेटाकडे द्यावेत आणि त्यांतून या लोकांचा तोटा भरावा. शुल्काचा एवढा एक उपयोग मला पटतो.